क्रेडिट कार्डच्या थकबाकीसाठी वकिलाची नोटीस आली, तर सेटलमेंट करताना काय बघायचं?

मोबाईलवर एक पीडीएफ येते. वर एखाद्या लॉ फर्मचं नाव, पत्ता दिल्ली, मुंबई नाहीतर चेन्नईचा. खाली क्रेडिट कार्डची थकबाकी आणि ‘सात दिवसांत रक्कम भरा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई’ असा इशारा. मग फोन सुरू होतात. "आज भरलं तर निम्म्यात मिटवून देतो, उद्या ही ऑफर नाही."

चिखली, मेहकर, मलकापूर किंवा खामगावच्या माणसाला असा फोन येतो तेव्हा त्याची अडचण वेगळी असते. पतसंस्थेचं किंवा जिल्हा बँकेचं कर्ज थकलं तर शाखेत जाऊन साहेबांशी बोलता येतं. कार्डाच्या बाबतीत भेटायला कुणी नसतं. फोनवरचा माणूस दरवेळी वेगळा आणि प्रत्येकाची रक्कमही वेगळी.

म्हणून ही नोटीस नेमकी काय असते, तडजोड कुणाशी होते आणि त्यात माणूस कुठे फसतो, हे समजून घेऊ.

थकबाकी एवढी फुगते कशी?

देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीला १० कोटींच्या पुढे गेली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांबाबत बँकांना आवर घातला होता. बँकांच्या कार्ड थकबाकीवरचं जोखीम प्रमाण तेव्हा १२५ वरून १५० टक्के करण्यात आलं.

व्याजाचा हिशोब साधा आहे. समजा ६० हजार रुपये थकले आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८ रुपये. वर्षभरात नुसतं सरळ व्याज आणि कर मिळून २९,७३६ रुपये होतात. विलंब शुल्क आणि व्याजावरचं व्याज वेगळंच.

२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे ‘३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदेशीर आहे’ हा मुद्दा आता वाटाघाटीत चालत नाही. सोशल मीडियावर तो अजून फिरतोय, एवढंच.

बुलढाण्यात आणखी एक गोष्ट आहे. सोयाबीन-कपाशीचा पैसा हंगामात येतो, कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला येतं. शेतीवर किंवा शेतीच्या बाजारावर चालणाऱ्या दुकानावर ज्याचं घर आहे, त्याचं कार्ड उन्हाळ्यात थकतं आणि दिवाळीपर्यंत रक्कम हाताबाहेर जाते.

कर्जमाफीत हे बसत नाही

एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएस, हा शब्द जिल्ह्याला नवा नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांच्या वर थकबाकी असलेल्यांनी वरची रक्कम भरायची आणि दीड लाखाचा लाभ घ्यायचा, अशी सोय होती. ऑक्टोबर २०२५ मधल्या शेतकरी आंदोलनानंतर राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं आश्वासन दिलं, तेव्हा पुन्हा ‘थांबा, माफ होईल’ अशी चर्चा गावोगाव झाली.

पण पीककर्जाच्या त्या योजनांत सरकार स्वतःचा पैसा बँकेला देतं. कार्डाच्या सेटलमेंटमध्ये सरकार कुठेच नसतं. सूट द्यायची तर ती बँकेने स्वतःच्या खिशातून द्यायची असते, आणि ती मागण्याचा हक्क कर्जदाराला नाही. १५ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. एकरकमी तडजोड द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

मग लॉ फर्मच्या हातात काय असतं?

फार थोडं. लॉ फर्म बँकेच्या वतीने नोटीस पाठवते आणि निरोप पोहोचवते. सूट किती द्यायची हे बँक ठरवते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकानुसार तडजोडीसाठी प्रत्येक बँकेकडे संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं आणि मंजुरी कोणत्या पातळीवर मिळेल हेही त्यात ठरलेलं असतं. त्यामुळे फोनवरच्या माणसाने दिलेला ‘निम्म्यात’ हा शब्द बँकेच्या पत्रात उतरेपर्यंत त्याला काही किंमत नाही.

नोटिशीतल्या धमक्या एकेक करून बघू.

अटक. बिल न भरणं हा दिवाणी वाद आहे. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या थकबाकीवर पोलीस घरी येत नाहीत.

कलम १३८. हे चेक बाउन्सचं कलम. कार्ड घेताना बहुतेक वेळा चेक दिलेलाच नसतो. चेक नाही, तर १३८ नाही.

घर-शेताची जप्ती. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, त्यामुळे सरफेसी कायद्याने थेट ताबा घेता येत नाही. बँकेला आधी दावा किंवा लवाद, मग हुकूमनामा, मग अंमलबजावणी अशा वाटेने जावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याची अवजारं, शेतीची जनावरं, बियाणं आणि तो राहत असलेलं घर अशा जप्तीतून वगळलेलं आहे. पगारातलेही पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग वगळला जातो.

एक धोका मात्र खरा आहे. ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेत पगाराचं किंवा बचत खातं असेल, तर बँक त्या खात्यातून रक्कम वळती करण्याचा हक्क सांगू शकते.

लवादाची नोटीस. हिच्याकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याच कार्ड करारांत लवादाचं कलम असतं. तुम्ही हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निवाडा होऊ शकतो, आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होते. बँकेने एकट्यानेच लवाद नेमला असेल तर त्याला हरकत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाच्या निकालात अशा नेमणुका चुकीच्या ठरवल्या आहेत. पण हरकत लेखी घ्यावी लागते. गप्प बसून ती नोंदवली जात नाही.

फोन किती आणि कधी?

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकबाकी वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, खोटी ओळख सांगणं यालाही मनाई आहे. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेची.

असे फोन आले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. या तक्रारीने कर्ज माफ होत नाही. त्रास देणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं आणि वाटाघाटीचा सूर बदलतो.

वाटाघाटीला बसण्याआधी

पहिली गोष्ट खातरजमा. नोटिशीतल्या नंबरवर फोन न करता कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर करा. या फर्मला तुम्ही नेमलंय का, खातं अजून तुमच्याकडेच आहे की मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलंय, हे विचारा. खातं विकलं असेल तर तडजोड त्या कंपनीशी होईल.

दुसरी गोष्ट फोड. मूळ खरेदी किती, व्याज किती, विलंब शुल्क आणि कर किती, हे लेखी मागा. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्ड नियमांनी मनाई केली आहे. बोलणी सुरू करण्याचा नैसर्गिक आकडा म्हणजे मूळ खरेदीतून आतापर्यंत भरलेली रक्कम वजा करून जे उरतं तो.

तिसरी गोष्ट तुमचा आकडा. घरखर्च, औषधपाणी, पेरणी बाजूला काढून एकदाच किती देता येईल? हातात पैसा असताना बोलणं सोपं जातं. सोयाबीनचे पैसे नोव्हेंबरमध्ये येणार असतील तर जूनमध्ये हप्ते कबूल करून दोन महिन्यांनी मोडण्यात फायदा नाही. तडजोडीचा हप्ता चुकला की बहुतेक पत्रांनुसार सगळी सूट रद्द होते.

आणि सोनं तारण ठेवून किंवा शेतावर बोजा चढवून हे कर्ज मिटवण्याआधी दहा वेळा विचार करा. आज बँकेच्या हातात तारण नाही. ते आपण होऊन दिलं, तर उद्याची जोखीम आपल्या गळ्यात.

सगळ्यात मोठा फास: पुढच्या तारखांचे चेक

"सहा चेक द्या, फाईल बंद करतो" हे फार साधं वाटतं. पण इथे चित्र पालटतं. काल जो वाद फक्त दिवाणी होता, त्यातला एक चेक परत गेला की कलम १३८ चा फौजदारी खटला उभा राहू शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापून जाणाऱ्या हप्त्याची संमती दिली आणि तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागतं आणि शिक्षा तशीच आहे. शक्य असेल तर एकरकमी भरा. हप्तेच हवे असतील तर दर महिन्याला स्वतः भरण्याची मुभा मागा.

दुसरा फास मुदतीचा. थकबाकीचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी कर्ज लेखी कबूल केलं तर ती नव्याने सुरू होते. मुदत संपल्यानंतरही सही करून फेडीचं वचन दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते बांधील ठरू शकतं. म्हणून ‘सगळे पैसे देतो’ असा मेसेज घाईत पाठवू नका. प्रस्ताव लिहिताना ‘फक्त तडजोडीसाठी, माझे हक्क राखून’ असं स्पष्ट लिहा.

आधी पत्र, मग पैसे

बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून आलेल्या पत्रात या गोष्टी हव्यात: कार्डाचे शेवटचे चार अंक, एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम, भरण्याची तारीख, ‘ही रक्कम भरल्यावर काहीही बाकी राहणार नाही’ हे वाक्य आणि सुरू असलेला दावा किंवा लवाद मागे घेण्याचं आश्वासन. हे पत्र खरं आहे का ते बँकेकडून पडताळा. पैसे थेट कार्ड खात्यात भरा. एजंटच्या किंवा वकिलाच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही नको. नंतर ना-देय प्रमाणपत्र घ्या आणि ते कायम जपा.

‘सेटल्ड’ची किंमत

तडजोड झाली की सिबिलमध्ये खातं ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. २०२३ च्या त्याच परिपत्रकानुसार तडजोड करणाऱ्या बँकेने शेतीकर्ज सोडून इतर नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं असतं. त्यामुळे पूर्ण रक्कम हप्त्यांत भरणं जमत असेल, तर आधी कमी व्याजाच्या हप्त्यांची मागणी करून बघा. सेटलमेंट हा त्यानंतरचा पर्याय.

लोकअदालतीत जावं का?

बँका दाखलपूर्व प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. तशी नोटीस आली तर जाणं फायद्याचं असतं. बँकेचा अधिकृत माणूस समोर बसतो, न्यायालयाचं वातावरण असतं आणि ठरलेलं कागदावर येतं. तुमच्या संमतीशिवाय तिथे काहीही लादता येत नाही. पण सही केली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. आकडा झेपणारा नसेल तर सही न करता परत या.

वकील परवडत नसेल तर बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तुमच्या तालुक्याची विधी सेवा समिती गाठा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता आणि राज्यात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. फोनवरच्या माणसाला होकार देण्याआधी तिथे नोटीस दाखवा, आणि शक्य झालं तर बँकेने दिलेली फोडही सोबत न्या.