गुण जवळिकीचे, नाव चालण्याचे

घर विकत घेऊ पाहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला आज खोल्या किती आणि मोटारीसाठी गॅरेज आहे की नाही एवढीच माहिती मिळत नाही. अनेकदा किमतीच्या शेजारी शून्य ते शंभर यांमधील आणखी एक आकडा त्याच्यापुढे ठेवला जातो. त्या पत्त्यावर राहून रोजचे व्यवहार पायी उरकता येतील की नाही हे सांगण्याचा या आकड्याचा दावा आहे. २००७ साली सिअॅटल शहरात सुरू झालेल्या ‘वॉक स्कोअर’ या संकेतस्थळाने ही पद्धत रूढ केली; २०१४ मध्ये घरविक्रीच्या व्यवसायातील रेडफिन कंपनीने ते विकत घेतले. नव्वद व त्याहून अधिक गुण मिळविणारी वस्ती म्हणजे पादचाऱ्यांचा स्वर्ग. पंचविसाच्या खालची म्हणजे मोटारीवाचून गत्यंतर नसलेली. वर्गवारी सुटसुटीत आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, हा आकडा नेमके काय मोजतो?

पद्धत समजण्यास कठीण नाही. पत्त्यापासून किराणा दुकान, शाळा, उद्यान, उपाहारगृह आदी ठिकाणे किती दूर आहेत याची उपलब्ध नोंदींवरून मोजदाद केली जाते. पाच मिनिटांच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या आत जे असेल त्याला पूर्ण गुण मिळतात. अंतर वाढेल तसे गुण घटतात आणि अर्ध्या तासाच्या चालीपलीकडील ठिकाणाला काहीच मिळत नाही. प्रारंभी हे अंतर पक्षी उडतो तसे सरळ रेषेत धरले जाई. वाटेत तळे आले तर पादचारी ते पोहून जाईल असे गृहीत धरले आहे, अशी कबुली या पद्धतीच्या जनकांनीच विनोदाने दिली होती. पुढे प्रत्यक्ष वाटेचे अंतर, चौकांची दाटी आणि दोन चौकांमधील लांबी यांचा विचार करणारी सुधारणा झाली. परंतु पदपथ आहे काय, असल्यास तो मोकळा आहे काय, रस्ता ओलांडताना वाहने थांबतात काय, रात्री दिवे असतात काय, हे प्रश्न हिशेबाबाहेरच राहिले.

एवढ्यावरून हा सारा प्रयत्न निरर्थक ठरविणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील नव्या उपनगरांची आखणी करताना निवास एकीकडे आणि दुकाने दुसरीकडे अशी जमिनीची वाटणी नियमांनीच केली गेली. पावाच्या लादीसाठीही जेथे मोटार काढावी लागते, तेथे अंतर हाच चालण्याच्या मार्गातील पहिला अडसर असतो आणि तो मोजणे उपयोगाचेच आहे. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात संशोधकांनी हे गुण प्रत्यक्षाशी ताडून पाहिले, तेव्हा परिसरातील सोयींच्या दाटीशी त्यांचा चांगला मेळ बसला. मात्र त्याच पाहणीत अधिक गुणांच्या भागात गुन्ह्यांच्या नोंदीही अधिक आढळल्या. दुकाने जवळ आहेत हे त्या आकड्याने बरोबर सांगितले. तेथवर निर्धास्तपणे जाता येईल काय, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

हा दोष गणिताचा नाही. कशाची नोंद होते आणि कशाची होत नाही याचा आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, म्हणून तो आपले नाव, पत्ता आणि वेळ आपणहून नोंदवितो. पदपथाला असा मालक नाही. त्याचे भाडे कोणाला मिळत नाही, त्याची जाहिरात कोणी करीत नाही आणि तो खचला म्हणून कोणाच्या ताळेबंदात तोटा दिसत नाही. अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणते तिचे हे ठळक उदाहरण आहे. बाजाराने निर्माण केलेल्या नोंदींतून तयार होणारा निर्देशांक बाजारातील वस्तू अचूक मोजतो आणि त्या वस्तूंपर्यंत नेणारी सार्वजनिक वाट वगळतो. चालणे मात्र घडते ते त्या वाटेवरच.

अॅटलांटा शहराच्या ईशान्येस जाणारा ब्यूफर्ड हायवे हे याचे बोलके उदाहरण होय. मेक्सिकन, व्हिएतनामी, कोरियन, चिनी अशा स्थलांतरितांच्या चाळवजा इमारती आणि त्यांचीच दुकाने, खानावळी या रस्त्याच्या दुतर्फा आहेत. मोटार नसलेली अनेक कुटुंबे तेथे राहतात आणि गरजेपोटी पायी फिरतात. तरीही अनेक वर्षे या सात पदरी रस्त्याला लांबच लांब पट्ट्यांत पदपथ नव्हता. गवतात पावलांनी पाडलेली पायवाट तेवढी होती आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा दूरदूर होत्या. तेथे पादचाऱ्यांचे बळी जात राहिले. पुढे टप्प्याटप्प्याने पदपथ, रस्त्यामधील बेटे आणि पादचाऱ्यांसाठी दिवे आले. आता गंमत अशी की, पदपथ झाला म्हणून दुकाने काही जवळ आली नाहीत. सबब केवळ जवळीक मोजणाऱ्या आकड्यात या सुधारणेपायी एका गुणाचीही भर पडण्याचे कारण नाही. चालणाऱ्याचा जीव वाचविणारी सुधारणा ज्याला दिसत नाही, त्याला चालण्याचे मोजमाप कसे म्हणावे?

आकडा किमतीत शिरला की प्रश्न अधिक गंभीर होतो. जो कोर्टराइट या अर्थतज्ज्ञाने २००९ साली १५ शहरी बाजारपेठांतील नव्वद हजारांहून अधिक घरव्यवहार तपासले. त्यांपैकी १३ ठिकाणी अधिक गुण असलेल्या घरांना अधिक किंमत मिळाली. ठिकाणपरत्वे एका गुणामागे साधारणतः ७०० ते ३,००० डॉलर. म्हणजे ज्याच्यापाशी मोटार आहे आणि जो हौसेने चालू इच्छितो, तो अधिक गुणांची वस्ती विकत घेऊ शकतो. मोटारीअभावी ज्याला चालणे भाग आहे, तो मात्र स्वस्त घराच्या शोधात ब्यूफर्ड हायवेसारख्या रस्त्यांकडे लोटला जाण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मरण पावले. २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० च्या वर गेली. जवळिकीच्या गुणांचा प्रसार होत असतानाच ही वाढ झाली. एकामुळे दुसरे घडले असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहिल्या आकड्याला दुसऱ्याची चाहूलही लागत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

भारतात घरविक्रीची संकेतस्थळे वस्त्यांना तारे आणि गुण देऊ लागली असल्याने हा धडा आपल्यालाही लागू पडतो. किंबहुना येथे चित्र उलटे आहे. पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेत भाजी, किराणा, डॉक्टर, शाळा, देऊळ सारे पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. आपल्या जुन्या शहरांत जवळिकीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो पाऊल ठेवण्याच्या जागेचा. पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, जेथे उभ्या नसतात तेथे त्या धावतात, आणि आजीबाई नातवाचा हात धरून रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालतात. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ३२,८२५ पादचारी होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. हक्काचे मोजमाप दुकानांच्या यादीवरून होऊ शकत नाही.

मग मोजावे काय आणि कोणी? जे बाजार मोजत नाही ते मोजणे हे महापालिकेचे काम आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून दाखविले. चालणे सुकर करणे अशक्य नाही हे त्यावरून सिद्ध होते. आता प्रत्येक प्रभागातील पदपथांची मोकळी रुंदी, अडथळे, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि पादचाऱ्यांचे अपघात यांची नोंद दरवर्षी रस्त्यानिहाय प्रसिद्ध व्हावी. या साऱ्यांची बेरीज करून पुन्हा एकच आकडा काढण्याचा मोह मात्र टाळावा. शेजारच्या दहा दुकानांमुळे एका प्राणघातक चौकाची भरपाई होत नसते; सरासरीत मात्र ती सहज होऊन जाते.

घर घेणाऱ्याने गुण अवश्य पाहावेत. अंतराविषयी ते खरे बोलतात. तथापि करारावर सही करण्यापूर्वी एकदा सायंकाळच्या गर्दीत, घरातील वृद्ध माणसाला बरोबर घेऊन, त्या घरापासून भाजीबाजारापर्यंत चालून यावे. ही परीक्षा संकेतस्थळाला देता येत नाही. ती रस्त्यालाच द्यावी लागते, आणि तीत रस्ता नापास झाला तर जाब महापालिकेला विचारावा लागतो.