कुत्र्याच्या ताटलीत काय वाढता?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आपल्या अल्सेशियनला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. कुत्रा चार दिवस अन्नाला तोंड लावत नव्हता, पाणी पाजले तरी ओकत होता. पापणी उलटून पाहिली तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. हिरड्याही तशाच. खायला काय घालता असे विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "घरचेच घालतो डॉक्टर. बाहेरचे काही नाही."

थोडी चौकशी केल्यावर कळले की घरातल्या माणसांचे दळण वेगळे आणि कुत्र्याचे वेगळे. पावसात भिजून काळा पडलेला मका मोंढ्यात स्वस्तात मिळाला होता. तो वाळवून दळून आणला आणि तीन आठवडे त्याच्याच भाकरी कुत्र्याला चालल्या होत्या. गुरुजींनी पिठाची पिशवी आणून दाखवली. तोंड सोडताच कुबट वास आला.

कुत्र्याला कावीळ अनेक कारणांनी होते. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोने होते, गोचीडतापानेही होते. त्यामुळे सारा दोष पिठावर टाकून मी मोकळा झालो नाही, उपचार सर्व बाजूंनी केले. पण पीठ त्याच दिवशी बंद करायला लावले. गुरुजी गरीब नव्हते आणि निर्दयही नव्हते. कुत्र्यासाठी त्यांनी रात्र रात्र जागून काढली. तरीही जे आपण खाणार नाही ते कुत्र्याला चालते, ही समजूत त्यांच्याही मनात पक्की होती. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात आहे. आंबलेली डाळ, बुरशीचा पाव, खवट शेंगदाणे, भुरी चढलेली चपाती हे सारे 'टाकण्यापेक्षा कुत्र्याला घाला' या सदरात जाते.

बुरशी आलेल्या मक्यात व शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृतावर घाला घालते. वाईट गोष्ट अशी की धान्य धुतले, वाळवले, भाकरी खरपूस भाजली तरी ते पुरते नाहीसे होत नाही. बुरशी पुसली जाते, विष राहते.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. तो तसाच साठवला गेला आणि दुसरे धान्य घेण्याची ऐपत नसलेल्या आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. सुमारे ४०० माणसे कावीळ होऊन, पोटात पाणी भरून आजारी पडली. त्यांतील १०६ दगावली. त्या साथीच्या नोंदींत एक गोष्ट लिहिलेली आहे. माणसे आजारी पडण्याच्या आधी गावातील कुत्र्यांत हीच लक्षणे दिसली होती.

दुसरा प्रसंग याहून अलीकडचा. २००७ साली अमेरिका व कॅनडात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून अंदाज बांधते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून निकस माल कागदावर सकस ठरला. पुढच्याच वर्षी, २००८ साली, तीच भेसळ चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत सापडली. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा मरण पावली. माणसांच्या आरोग्याच्या या सदरात कुत्र्याचे जेवण कशाला, असे काही वाचक विचारतील. या दोन हकिकती त्यांच्यासाठीच सांगितल्या.

मग दुकानातील डॉग फूड घ्यावे का? अवश्य घ्यावे, परवडत असेल तर. पण पाकिटावरच्या गुबगुबीत कुत्र्याचे चित्र पाहून किंवा किंमत जास्त म्हणजे माल चांगला असे समजून घेऊ नये. तो 'संपूर्ण आहार' आहे की नुसता खाऊ, हे आधी पाहावे. पिलासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, तेही पाहावे. मांस, मासे, अंडी यांची नावे स्पष्ट लिहिलेली असावीत. प्रथिनांचा आकडा वाचताना पाणी वजा करायला विसरू नये. डब्यातील ओल्या खाद्यात ८ टक्के प्रथिने आणि कोरड्यात २२ टक्के असे वाचून ओले खाद्य हलके वाटते. पण ओल्यात ८० टक्के पाणीच असेल, तर उरलेल्या भागात प्रथिने ४० टक्के भरतात. कोरड्यात पाणी १० टक्के धरले, तर तिथे ती २४ टक्केच होतात.

माझा खरा आक्षेप आहे तो सुट्या विक्रीला. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत मोठे पोते फोडून ठेवतात आणि किलो-दोन किलो तोलून देतात. त्या दाण्यांवर चरबीचा थर असतो. हवा लागली की तो खवट होतो. पावसाळ्यात दमट होऊन त्याला बुरशीही धरते. माल केव्हा बनला, मुदत कधी संपते, हे पोत्याबरोबर दुकानातच राहते. बंद पाकीट नामांकित असले तरी डोळे झाकून विश्वास टाकू नये. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत एका कंपनीच्या बंद पोत्यांतील मक्यामुळेच अफ्लाटॉक्सिन पसरले आणि शंभराहून अधिक जनावरे दगावल्याची नोंद झाली. पोते फोडल्यावर वास घ्यावा. वेगळा वाटला तर परत करावे, आणि रिकामे पाकीट माल संपेपर्यंत जपून ठेवावे.

घरचे अन्नही उत्तम असते, मात्र ते अन्न असावे, उरलेसुरले नव्हे. नुसती दूध-पोळी किंवा ग्लुकोज बिस्किटे यांवर कुत्रा जगतो, पण पोसला जात नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भात-भाकरीच्या जोडीला शिजवलेले अंडे, मांस किंवा मासे हवेत. शाकाहारी घरांत डाळ, दही, पनीर यांवर भागवायचे असेल तर पशुवैद्यकाला विचारून आखणी करावी. कॅल्शियमची बाटली मात्र आपल्या मनाने पाजू नये. मोठ्या जातीच्या पिलांच्या हाडांना जादा कॅल्शियमही बाधते. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, लाडू-चिवड्यातले बेदाणे, शुगर-फ्री गोळ्या आणि शिजवलेली हाडे ही कुत्र्याच्या तोंडी जाऊच नयेत. रविवारी मटणाच्या वाटणात घोळलेली हाडे आणि सोमवारी माझा दवाखाना, हे समीकरण मला पाठ झाले आहे.

गुरुजींचा कुत्रा महिन्याभरात सावरला. शेवटच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टर, ते पीठ अजून पाच-सहा किलो आहे. म्हशीच्या आंबोणात घालू का?"

म्हैस दुभती होती. बुरशीचे विष दुभत्या जनावराच्या दुधात उतरते, आणि त्या म्हशीचे दूध गुरुजींची नातवंडे पीत होती. मी म्हटले, "गुरुजी, खड्डा खणून पुरून टाका."