उंची उतरली, हिशोब राहिला

घोडबंदर रस्त्यावरून किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीतून जमिनीला टेकल्यासारखी एखादी मोटार जाते आणि घरातला तरुण मुलगा तिच्याकडे बघत राहतो. त्याला आपलीही तशीच हवी असते. त्याच्यावर नुसते रागावून भागत नाही. त्याला हिशोब समजावून द्यावा.

स्प्रिंग कापली की गाडी खाली बसते, एवढेच डोळ्यांना दिसते. पण चाक धरणारा खालचा आर्म त्याच वेळी तिरका होतो. चाकाचा माथा आत कलतो, टो बिघडतो, टायरची आतली कड झिजते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते, तो बिंदू गाडीपेक्षाही अधिक खाली जातो. गाडी उतरली तरी तिला झुकवणारा जोर कमी होत नाही. उलट वाढू शकतो.

बँकेत एका खात्यात नोंद झाली की दुसऱ्यातही करावीच लागते. इथेही योग्य मापाच्या स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, आर्मचा कोन सुधारणारे बॉल जॉइंट आणि शेवटी कॅम्बर-टोची जुळणी, एवढे जमले तरच हिशोब जुळतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. आणि नियमाने बांधलेला गतिरोधकही १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतला कोणत्या नियमाने बांधला, ते ज्याचे त्याने मोजावे. मुलाची हौस मोडू नका. पण मागच्या सीटवर आजी बसणार आहे, हेही त्या हिशोबात धरायला सांगा.