तीस अधिक वीस बरोबर चाळीस?

वाचकहो, आम्ही बी.कॉम. झालेले बँकेतले कारकून. राजकारण आम्हाला कमी कळत असेल, बेरीज मात्र कळते.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतून पोरे पलटणीत गेली. कोणी गुडघा घालवून आले, कोणी तोफांच्या आवाजाने कान. 'स्पर्श' येण्यापूर्वी ही मंडळी पेन्शनला आमच्याच काउंटरवर यायची. त्यांचे कागद पाहून आम्ही हे लिहीत आहोत.

सेवेमुळे झालेली किंवा सेवेत बळावलेली दोन-तीन अपंगत्वे असली, तर मेडिकल बोर्ड प्रत्येकाची टक्केवारी लिहितो आणि खाली एक एकत्रित आकडा टाकतो. पैसे त्या एका आकड्यावर मिळतात. लष्करी डॉक्टरांसाठीची २००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका स्पष्ट आहे. अपंगत्वांचे परिणाम वेगवेगळे असतील तर सरळ बेरीज, आणि एकमेकांत मिसळत असतील तर तेवढीच कपात. काही बोर्ड उगाच कपात करतात, ते चूक आहे, असेही तीच सांगते.

आता गुडघा ३० टक्के आणि कान २० टक्के. बेरीज ५०. बोर्डाने ४० लिहिले तर आम्ही विचारतो, माणूस गुडघ्याने ऐकतो की कानाने चालतो?

दहा टक्क्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ३१ जानेवारी २००१ च्या पत्राप्रमाणे ५० च्या खालचे ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात दिला. म्हणजे ४० चे झाले ५०, आणि ५० चे झाले असते ७५! शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार ४०,००० धरा : ९,००० ऐवजी ६,०००. वर्षाला ३६,००० गेले, तेही जन्मभर. (२१ सप्टेंबर २०२३ नंतरच्या निवृत्तांना नवे नियम आहेत, तो हिशेब वेगळा.)

अमेरिकेत बेरीज करतच नाहीत. तिथे आपल्या दुकानातल्या सवलतीवर सवलतीसारखे चालते : ५० आणि ३० चे ६५, मग पूर्णांक ७०. पटो न पटो, तक्ता छापलेला असतो, माजी सैनिक घरी बसून ताळा करू शकतो. आपल्याकडे कपातीचे कारण कागदावर शोधावे लागते, तेही इंग्रजीत. कन्नड कचेरीत मराठी माणूस आधीच मुका, त्यात हे. दाद मागायची तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ कोचीला, लांबचा प्रवास.

कपात केली तर काय कशात मिसळते आणि किती, हे बोर्डाने लिहून द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. मते मागायला येतील त्यांच्यापुढे ती ठेवा, आणि उत्तर घेतल्याशिवाय चहा देऊ नका.

ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी बोर्डाची प्रत, पी.पी.ओ. आणि डिस्चार्ज बुक घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. बेरीज आम्ही करून देऊ.