दुसऱ्यांदा विचारा

लातूरच्या भूकंपग्रस्तांना कोणी विचारलेच नाही, ही तिथल्या पुनर्वसनावरची ठरलेली टीका. ती निम्मीच खरी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात सुमारे 8000 माणसे गेली. त्यानंतर जो येईल त्याला लोक एकच सांगत होते: या जागी राहायचे नाही, आणि दगडाच्या घरात तर मुळीच नाही. ज्या ढिगाऱ्यातून घरचीच माणसे काढली, तिथेच पुन्हा संसार मांडा, असे म्हणण्याची कोणाची छाती होती? शासनाने ऐकले. 52 गावे नव्या जागी गेली.

म्हणजे लोकांना विचारले गेले, पण ते सगळ्यात वाईट दिवसांत, आणि एकदाच.

दगड दोषी नव्हता, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मातीत रचलेली रुंद भिंत, तिचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेली माती. थर सुटले, माळवद खाली आले. पण हे त्या लोकांना त्या महिन्यांत कोण सांगणार होते? तज्ज्ञांच्या नकाशातही हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तो तिसऱ्यात गेला 2002 साली. अशा वेळी तज्ज्ञाचे ऐका म्हणणेही अवघडच.

नवी गावे आखली गेली ती सरळ रस्त्यांच्या चौकटीत. घर जमीनधारणेवर ठरले: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. भाऊबंदांची गल्ली त्यात विस्कटली. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा झाला, आणि रस्ते, गटारे, जलवाहिन्या त्याच प्रमाणात लांबल्या. त्यांची देखभाल आली ग्रामपंचायतीच्या गळ्यात. गाव हलवायचे का, हे लोकांना विचारले होते. इतक्या लांब नळाचे वीजबिल दरमहा कोण भरणार, हे विचारायचे राहिले.

त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र आपण फारसा वाचत नाही. जवळपास दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती किंवा बांधणी झाली. पैसे हप्त्याने आणि काम घरमालकाच्या देखरेखीखाली. सुमारे 1200 गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदावरची माती का उतरवायची, काँक्रीटचा पट्टा कुठे घ्यायचा, हे त्या घरोघर समजावत. तरीही अनेक कुटुंबांनी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी एक नवी खोली बांधली. जुने घर तसेच राहिले, वापरातही राहिले. काटेकोर अभियंता याला अपयश म्हणेल. आमच्या मते रात्री निर्धास्त झोपायला एक खोली हवी, हा हिशेब चुकीचा नव्हता. पुढे 2001 च्या भूकंपानंतर लातूरच्या बायका कच्छमध्ये आपला अनुभव सांगायला गेल्या. हा अनुभव आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी येणार, कोण जाणे.

तळिये, इर्शाळवाडी इथल्या दरडींनंतर पुनर्वसनाचे आराखडे पुन्हा आपल्या टेबलांवर आले आहेत. डोंगर खचण्याचा धोका असेल तिथे जागा मतदानाने ठरत नाही. भूगर्भतज्ज्ञाने नको म्हटले की नको, आणि हे लोकांसमोर स्पष्ट सांगण्याचे धाडस आपल्यात हवे. पण कोणाचे घर कोणाशेजारी, गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, पाण्याची टाकी कोणत्या उंचीवर, हे प्रश्न तात्पुरत्या निवाऱ्यात एक पावसाळा काढल्यावर पुन्हा विचारायला हवेत. मार्चअखेरची घाई आणि उद्घाटनाची ठरलेली तारीख आडवी येते, मान्य. म्हणूनच दुसऱ्या फेरीचा वेळ आणि खर्च अंदाजपत्रकातच स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा. नाहीतर पहिली काटछाट तिथेच होते. आणि ग्रामसभेपुढे आराखडा जाईल तेव्हा प्रत्येक पर्यायाखाली वार्षिक देखभालखर्चाचा आकडा लिहावा. बांधकामाचा खर्च शासनाचा असतो, देखभालीचा त्या सभेत बसलेल्यांचा.

ग्रामसभेनंतर ज्यांच्या आराखड्यातली एखादी रेघ खरोखर हलली, त्या वाचकांनी आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नकाशे आमच्याकडे पाठवावेत. पुढच्या अंकांत ते शेजारी-शेजारी छापू.