आधी विहीर, मग सॉफ्टवेअर

सुट्टीत रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंगचा प्राथमिक कोर्स केला. पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर! रंगीत नकाशे आले, पण तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठतं, हा गैरसमज तसाच राहिला. तो फिटला साताऱ्याच्या होस्टेलवरून जतला घरी गेल्यावर. शेजारी-शेजारी दोन बोअर मारल्या. एकीला पाणी, दुसरीतून नुसता फुफाटा. भेगा एकमेकींना जोडलेल्या असतील तरच पाणी वाहतं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेलही चुनखडीच्या छिद्रांतच आहे. (आणि त्या चुनखडीखाली आपलाच काळा पाषाण!) डार्सीचा १८५६ चा नियमसुद्धा वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यावरूनच आला. म्हणून म्हणतो, सातारा-सांगलीच्या पोरांचा पहिला तास विहिरीच्या काठावर घ्या. पंप चालवून बंद करा, पाणी किती वेळात चढतं ते मोजायला लावा. तेलविहिरीत पातळीऐवजी दाब मोजतात, एवढंच.