बाकाखालचा राक्षस



नववीच्या वर्गात समास शिकवत होते. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. इतका एकाग्र झालेला मुलगा समास ऐकत नसणार, एवढं आपल्याला अनुभवाने कळतंच. जवळ जाऊन बघितलं, तर डाव्या हाताच्या चिमटीत इंचभर उंचीचा हिरवा राक्षस आणि उजव्या हातात टूथपिक. टूथपिकच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा थेंब. स्वारी राक्षसाचे सुळे रंगवत होती.

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. राक्षस जप्त केला आणि स्टाफरूममधल्या कपाटात टाकला. चार दिवसांनी त्याच कपाटात खडूंचं खोकं कोसळलं आणि राक्षसाचा भाला धरलेला हात खांद्यापासून तुटला. मुलाला परत देताना मला खरोखर ओशाळल्यासारखं झालं. त्याने तो तुटका राक्षस तळहातावर घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "असू दे बाई. ह्याचं काहीतरी करतो."

त्या "काहीतरी"बद्दल आज लिहायचं आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते, कारण मलाही तोवर ठाऊक नव्हतं. त्या मुलाचा मामा इंग्लंडला नोकरीला आहे, त्याने ती पेटी आणली होती. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायचा शौक तिकडे जुना आहे. एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचं एक पुस्तकच लिहिलं होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची. इंग्लंडमधल्या 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' काढला. तिथे राक्षस, बुटके, चेटके यांच्या फौजा टेबलावर समोरासमोर येतात, पट्टीने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि फासे टाकून निकाल लावायचा. पण गंमत अशी की पेटीत तयार फौज नसते. प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, मुंडकी, ढाली सुट्या मिळतात. कापा, घासा, जोडा आणि रंगवा. कित्येक जण खेळाकडे फिरकतही नाहीत, नुसते रंगवत बसतात. १९८७ पासून 'गोल्डन डीमन' नावाची रंगकामाचीच स्पर्धा चालत आली आहे. आपल्याकडेही शहरांतून हा छंद करणारी तरुण मंडळी आहेत.

मला पहिला धक्का बसला तो कामाच्या पद्धतीचा. मुलाने मधल्या सुट्टीत मला समजावून सांगितलं. आधी तुकडे साबणाच्या पाण्याने धुवायचे, नाहीतर साच्याचा तेलकटपणा राहतो आणि रंग धरत नाही. जोडाच्या जागी उरलेली रेघ पात्याने खरवडायची. मग प्रायमर, म्हणजे अस्तर. त्यावर मूळ रंग, तोही पाणी घालून पातळ केलेला. एक जाड हात मारला तर नाक-डोळे बुजून जातात, म्हणून दोन-तीन पातळ हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. मग अगदी पातळ गडद रंग वरून सोडायचा. तो आपोआप खाचाखोचांत जाऊन बसतो आणि सावली पडते. मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि नुसता वरून फिरवायचा, की उंचवट्यांवर उजेड येतो. डोळे मात्र कुणी सगळ्यात आधी करतात, कुणी सगळ्यात शेवटी, आणि घाबरतात सगळेच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत, हे मला तेव्हा आठवलं.

हा तोच मुलगा, ज्याच्या वहीत समासाची रेघही सरळ नसते आणि ज्याच्याबद्दल मी पालकसभेत "चंचल आहे" असं सांगितलं होतं. एका इंचभर प्याद्यावर त्याचे अकरा दिवस गेले होते. आपण "चंचल" हा शब्द फार स्वस्तात वापरतो.

आता तुटक्या हाताची गोष्ट. दोन आठवड्यांनी त्याने राक्षस परत आणून दाखवला. तुटलेला हात त्याने चिकटवलाच नव्हता. अगरबत्तीची काडी बोटभराच्याही निम्मी तोडून तिथे लाकडी हात बसवला होता. खांद्याशी एमसीलचा गोळा, त्यावर सुईने कोरलेल्या पट्ट्यांच्या खुणा. एक डोळा पांढऱ्या रंगाने मिटवून टाकला होता. पायाखाली शर्टाचं बटण, बटणावर फेविकॉल लावून समुद्राची वाळू. तयार मूर्तीत असे बदल करणं हा या छंदाचा अर्धा जीव आहे. एकाचं मुंडकं दुसऱ्याला, दुसऱ्याची ढाल तिसऱ्याला. कंपनीने शंभर जणांना तोच राक्षस विकला असला, तरी असा हा एकच.

मी विचारलं, "एक डोळा का रे?" तर तो सांगायलाच लागला. डोळा कुठे गेला, हात कुठे गेला, लाकडी हात कुणी करून दिला. मी म्हटलं, थांब, हेच लिहून आण.

तुम्ही मराठी शिकवत असाल तर आत्मवृत्त हा आपला दरवर्षीचा रडगाण्याचा विषय तुम्हाला माहीत आहे. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त. सगळ्या वह्यांत तीच वाक्यं, कारण ती मार्गदर्शकातून उतरलेली असतात. हा मुलगा चार ओळींच्या पुढे कधी जात नसे. राक्षसाचं आत्मवृत्त त्याने दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच, भरपूर. पण त्यात एक वाक्य होतं: "मग मला एका बाईंनी अंधाऱ्या गुहेत कोंडले. तिथे पांढरे खडक कोसळले व माझा हात गेला." मी लाल पेन खाली ठेवलं. हसू आलं आणि लाजही वाटली.

फाटक्या पुस्तकाबद्दल त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. या राक्षसाच्या अंगावरची प्रत्येक खूण त्याने स्वतः केली होती आणि प्रत्येक खुणेला कारण द्यायला तो बांधील होता. जखम केली की ती कशी झाली हे ठरवावंच लागतं.

हे काही मला सुचलेलं नवल नाही. १८२६ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या एका पाद्र्याने आपल्या मुलासाठी लीड्सहून लाकडी सैनिकांची पेटी आणली. पेटीत बारा सैनिक होते. तो मुलगा आणि त्याच्या तीन बहिणी, सगळी सहा ते दहा वर्षांची, प्रत्येकाने आपापला सैनिक उचलला आणि त्याला नाव दिलं. पुढे त्या सैनिकांचं राज्य झालं, राज्याचा नकाशा झाला आणि सैनिकांच्या मापाची, मोठ्यांना धड वाचताही येणार नाहीत अशी बारीक अक्षरातली चिमुकली पुस्तकं झाली. त्या बहिणी म्हणजे शार्लट, एमिली आणि ॲन ब्राँटे. 'जेन एअर' १८४७ साली आलं, त्याच्या आधी वीस वर्षं हा खेळ सुरू झाला होता. प्रत्येक मूर्तीमागे कादंबरीकार निघतो असं मी म्हणत नाही. पण त्या पाद्र्याने सैनिक मुलांच्या हातात दिल्यावर "आता यावर प्रकल्प करा" असं सांगितल्याचं काही ऐकिवात नाही.

मी मात्र नेमकं तेच केलं, आणि खरं सांगायचं ते हेच आहे.

राक्षसाच्या आत्मवृत्ताने मी इतकी हुरळून गेले की पुढच्या सत्रात सगळ्या वर्गाला उपक्रम दिला. एक छोटी मूर्ती घ्या किंवा करा, तिच्यात बदल करा, रंगवा आणि तिचं आत्मवृत्त लिहा. ५ गुण. सादरीकरणाच्या दिवशी टेबल भरून गेलं. एक अजगर तर असा सुंदर, की मी पाचपैकी पाच देऊन टाकले. तो गणपती रंगवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतला होता, हे नंतर कळलं. एका मुलीची मावळ्याची मूर्ती छान होती, पण ती सारखी मूर्तीवरून नजर चोरत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तोंड आईने रात्री परत रंगवलं. माझं वाकडं झालं होतं." आईचा हेतू चांगलाच होता, कोण नाही म्हणतंय? पण आपण रंगवलेलं तोंड सकाळी उठून पाहावं आणि ते दुसऱ्याचंच असावं, यावर त्या मुलीला काय वाटलं असेल? आत्मवृत्तंही आली. बहुतेकांची सुरुवात "होय, मीच बोलतोय" अशी.

आणि माझा राक्षसवाला? त्याने एक शिपाई आणला. नीटनेटका, एकही बदल नसलेला, पेटीवरच्या चित्रासारखा. मी म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "बाई, बदल करताना बिघडलं असतं तर गुण गेले असते."

५ गुणांत मी त्या मुलाचं सगळं धाडस विकत घेतलं होतं.

म्हणून माझं मत आता असं झालं आहे की अशा कामाला गुण देऊ नयेत. प्रमाणपत्र नको, प्रदर्शनही नको. हे शाळेत असावं, पण तासिकेच्या बाहेर, ज्याला हवं त्याच्यासाठी. मोठ्यांनी टेबल द्यावं, उजेड द्यावा, वेळ द्यावा आणि हात मागे ठेवावेत. हात मागे ठेवणं सगळ्यात अवघड, हे मी आई म्हणूनही सांगते.

तुमचे प्रश्न मला माहीत आहेत. पहिला पैशाचा. परदेशी पेट्या महाग आहेत, त्यात वाद नाही, आणि पेटीमागून पेटी घेत जाण्याची चटकही लागते. पण पेटी लागतेच असं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, जत्रेतले प्लास्टिकचे प्राणी, तुटकी खेळणी चालतात. पोस्टर कलर मात्र प्लास्टिकवर टिकत नाही, बोट लागलं की निघतो. साधे ॲक्रिलिक रंग आणि शून्य नंबरचा एक बरा ब्रश घ्या. एमसील मळताना हातमोजे घालायला लावा, पातं मोठ्यांच्या देखरेखीखाली, फवाऱ्याचा रंग उघड्यावर, आणि ब्रशचं टोक ओठांनी सरळ करायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. कुणाकडे जुनी धातूची मूर्ती असेल तर तिच्यात शिसं असू शकतं, ती घासायला देऊ नका.

दुसरा प्रश्न, राक्षसच का? देव-संत का नाहीत? यावर मला हसू येतं. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं जागून नरकासुर करतात. बांबू, गवत, कागद, रंग. ज्याचा जास्त भयंकर त्याची गावात चर्चा. त्या रात्री कुणी पालक "राक्षस का?" म्हणून विचारत नाही.

तिसरा प्रश्न दहावीचा, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्या मुलाचे वडील दहावीच्या जूनमध्ये ती पेटी घेऊनच शाळेत आले. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, ह्येचा आता काय करूचा?" माणूस रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. मुलाला गणितात जेमतेम गुण पडत होते. छंदामुळे गणित सुधारेल असं मी त्यांना सांगितलं नाही. तसं मला वाटतही नाही, आणि छंदाची वकिली करताना आपण अशी खोटी आश्वासनं देऊ नयेत. मी एवढंच म्हटलं की पेटी टाकू नका. रोज नको, पण रविवारी दोन तास त्याच्या हातात राहू दे. हा मुलगा एका जागी अकरा दिवस बसू शकतो, हे आपल्या दोघांना या पेटीमुळेच कळलं आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग पेटीतून एकहाती राक्षस काढून चष्मा वर करून बघत राहिले. "हात अगरबत्तीचो?" त्यांनी विचारलं. पेटी ते घरी घेऊन गेले. रविवारचे दोन तास पाळले गेले की नाही, हे मी मुद्दामच विचारलं नाही.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी सात-आठ मुलं बसतात. हजेरी नाही. मीही एक मातीचा मावळा घेऊन बसते. माझ्या मावळ्याचे डोळे तिसऱ्यांदा तिरळे झाले आहेत, आणि मुलं मला ते पुसून पुन्हा करू देत नाहीत. तिरळा का झाला ते लिहून आणा, म्हणतात.